तेवीस नंबरचं लेबल

माझ्या प्रिंटरच्या झाकणावर कागदाचा एक अर्धा तुकडा चिकटवलेला आहे. त्यावर अक्षर म्हणून एक नाही. दुकानात नव्यानं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आज ना उद्या विचारतंच, "अक्का, हे काय लावलंय?" मी म्हणते, टेस्ट प्रिंट आहे. गिऱ्हाईकाला तेवढं पुरतं. यंदा दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काही लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा लिहिण्यासारखं बरंच होतं. पण लिहायला बसले की नजर त्या तुकड्यावरच जायची. म्हटलं, चला, मग तेच लिहू.

आधी धंदा काय ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीला पाचोऱ्यात तो अजून कळलेला नाही. ती लोकांना सांगते, आमची ताई चिठ्ठ्या छापते.

धुळ्याला देवपुरात माझं दुकान आहे. पाटीवर अजून टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन असं लिहिलेलं आहे आणि त्यातलं टायपिंग केव्हाच बंद पडलंय. पोट भरतं ते लेबलांवर. घरबसल्या मोबाइलवर वस्तू विकणारी माणसं आता गल्लोगल्ली आहेत. कोणी गाऊन विकतं, कोणी पापड, कोणी मोबाइलची कव्हरं. ऑर्डर आली की तिच्याबरोबर एक लेबल येतं. त्यावर घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन आणि ते उभ्या रेघांचं चित्र, म्हणजे बारकोड. ते लेबल छापायचं, पार्सलवर चिकटवायचं, कुरियरवाला येऊन घेऊन जातो. दोन-चार पार्सलं असली तर हे काम कोणीही करेल. रोजची साठ-सत्तर झाली की माणूस रडकुंडीला येतो. साध्या कागदावर छापतात, कात्रीनं कापत बसतात, वरून चिकटपट्टी मारतात, ती बारकोडवर चमकते आणि कुरियरवाल्याच्या मशीनला काही वाचता येत नाही. मग पार्सल आलं तसं परत. अशी दोनदा फजिती झाली की ती माणसं माझ्याकडे येतात.

माझ्याकडे रोलवर छापणारं मशीन आहे. मोबाइलवरून फाइल पाठवायची, मी एक बटण दाबते आणि शंभर लेबलं सरसर एकामागून एक बाहेर पडतात. पाठीला डिंक असतोच. या मशीनला शाई लागत नाही, कागदाला उष्णता लागली की अक्षर उमटतं. हे मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगते आणि कोणीही ते कानावर घेत नाही. जळगावचा एक पडदेवाला कामानिमित्त धुळ्याला यायचा तेव्हा लेबलं काढून न्यायचा. मे महिन्यात त्यानं गठ्ठा स्कूटरच्या सीटखाली टाकला, स्कूटर भर उन्हात लावली आणि स्वतः पाहुण्यांकडे जेवायला गेला. जेवण आटोपून परत आला तो थेट माझ्याकडे. गठ्ठा काउंटरवर आपटून म्हणाला, तुम्ही मला काळे कागद दिले. खरंच काळे होते. मी म्हटलं, भाऊ, आमरस चांगला झाला होता का? त्याला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही.

दुसरा एक रावेरचा, केळ्याचे वेफर्स विकणारा. महिनाभर त्याची लेबलं छापताना मला वाटत राहिलं, हा पत्ता आपण कुठंतरी पाहिलाय. बघते तर पाठवणारा आणि घेणारा एकाच घरातले. पठ्ठ्यानं धंदा जोरात दिसावा म्हणून भावाच्या, मेहुण्याच्या, शेवटी सासूच्या नावानं स्वतःच ऑर्डरी टाकल्या होत्या. विचारलं तर म्हणाला, अक्का, सासूबाईंना वेफर्स खरंच आवडतात. छापणं माझं काम, कोण कोणाला काय पाठवतं ती पंचाईत मला कशाला?

अशा गमती पुष्कळ आहेत. पण मला सांगायचंय ते माझ्या शिस्तीबद्दल, कारण तिचा मला फार तोरा होता.

लेबलं घाऊक छापताना खरी गोम क्रमात असते. पार्सलं बंद झाली की सगळी सारखीच दिसतात, तीच पांढरी प्लास्टिकची पिशवी, तोच आकार. आत कोणाचा फ्रॉक आहे ते देव जाणे. म्हणून मी सगळ्यांना एकच पद्धत लावून दिली होती. फाइलमध्ये ज्या क्रमानं नावं आहेत त्याच क्रमानं पार्सलं भिंतीशी ओळीनं लावायची. मी गठ्ठा त्याच क्रमानं देणार. वरचं लेबल पहिल्या पार्सलला, खालचं दुसऱ्याला, सरळ चिकटवत जायचं. वाचत बसायचं नाही. वाचायला गेलं की वेळ जातो, आणि लेबलावरचं इंग्रजी घरातल्या प्रत्येकाला येतंच असं नाही. "क्रम मोडू नका, मग डोळे मिटून चिकटवा," असं मी छातीठोकपणे सांगायची. मी म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. गठ्ठ्यात माझी चूक निघाली असं कोणी म्हणूच शकत नव्हतं.

ही पद्धत सगळ्यांत चोख पाळली ती कल्पनाच्या नानांनी. कल्पना माझ्या दुकानामागच्या गल्लीत राहते. लहान मुलींचे सुती फ्रॉक शिवते आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घेऊन कुरियरनं पाठवते. नाना म्हणजे तिचे सासरे. शिंदखेड्याच्या बाजूचं गाव, चांगली शेती. बायको गेल्यावर शेत वाट्यानं देऊन मुलाकडे धुळ्याला राहायला आले. आले खरे, पण इथं करायचं काय? सकाळी पेपर पाहून व्हायचा, मग गॅलरीत उभं राहून खालची रहदारी मोजायची. कल्पनानं एकदा सहज त्यांच्या हातात लेबलं दिली आणि नानांना काम सापडलं. रोज अकराच्या सुमारास टोपी नीट करून ते माझ्या दुकानात यायचे.

"अक्का, व्हयना का गठ्ठा?"

झाला म्हटलं की दोन्ही हातांनी घ्यायचे, प्रसाद घ्यावा तसा. घरी त्यांचं एक ठरलेलं स्टूल होतं. त्यावर बसून एकेक लेबल कोपऱ्यापासून चिकटवायचे आणि तळहातानं दाबायचे. त्यांच्या लेबलाला कधी सुरकुती पडली नाही. चार वाजता कुरियरवाला आला की नाना दारात उभे राहून पार्सलं मोजून त्याच्या ताब्यात द्यायचे. शेजारपाजारी कोणी विचारलं तर सांगायचे, आमचा धंदा आहे. सुनेचा म्हणत नसत, आमचा म्हणत.

आता कानबाईचं सांगायला हवं. बाहेरच्या वाचकांना कानबाई ठाऊक नसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघर कानबाई ही देवी बसते. चौरंगावर नारळ, त्याला नथ, ओढणी, दागिने, रात्रभर गाणी आणि सोमवारी विसर्जन. भाऊबंद कुठंही असोत, त्या दिवशी एकत्र यायचं आणि रोट, म्हणजे तिचा प्रसाद, खायचा तो भाऊबंदांनीच, बाहेरच्याला द्यायचा नाही. सुरतेला, पुण्याला, नाशिकला आमची हजारो माणसं पोटासाठी गेलेली आहेत. ज्यांना गावी येणं जमत नाही ती तिथंच बसवतात. कल्पनाच्या डोक्यात आलं की कानबाईच्या मागे लावायला लाल कापड शिवायचं आणि त्यावर सोनेरी अक्षरांत घराण्याचं आडनाव आणि मूळ गाव घालायचं. त्या वर्षी तिला चौऱ्याऐंशी ऑर्डरी आल्या. पंधरा दिवस तिचं शिलाई मशीन धडधडत होतं. पार्सलं मंगळवारी निघाली तर शनिवारपर्यंत पोचणार, म्हणजे बरोबर वेळेवर.

मंगळवारी सकाळी मी लेबलं छापायला घेतली. तेविसावं लेबल निघता निघता अडकलं. असं होतं कधीकधी, डिंक रोलरला लागतो. मी झाकण उघडलं, अर्धं फाटलेलं लेबल ओढून काढलं, मशीन पुढे चालू केलं. चोविसापासून चौऱ्याऐंशीपर्यंत सगळी निघाली. मग फाटलेलं तेविसावं पुन्हा छापलं, ते अर्थातच सगळ्यांत शेवटी आलं. ते कापायचं आणि मधे, त्याच्या जागी सारायचं, एवढंच काम उरतं. हे मी आयुष्यात शेकडो वेळा केलेलं आहे. तेवढ्यात दुकानात एक बाई जात पडताळणीचे कागद घेऊन आल्या, त्यांना झेरॉक्सची घाई होती. त्यांचं आटपेपर्यंत नाना आले. मी गठ्ठ्याची घडी घालून त्यांच्या हातात दिली.

संख्या बरोबर होती. पार्सलं चौऱ्याऐंशी, लेबलं चौऱ्याऐंशी. नानांनी क्रम मोडला नाही. तेविसाव्या पार्सलावर चोविसावं लेबल, चोविसाव्यावर पंचविसावं, असं करत शेवटच्या पार्सलावर तेविसावं. एकसष्ट आणि एक, बासष्ट घरांमध्ये भलत्याच घराण्याचं नाव जायला निघालं, आणि कोणालाही त्याची गंधवार्ता नाही.

शुक्रवारी फोन यायला लागले. पाटलांकडे महाजनांचं कापड, महाजनांकडे बडगुजरांचं. पुण्याच्या एका आजोबांनी कल्पनाला विचारलं, आमच्या कानबाईच्या मागे परक्याचं गाव लावू का? ती, तिचा नवरा आणि नाना तिघं यादी घेऊन बसले. नाना आकडे वाचून दाखवायचे, कल्पना फोन लावायची. सुरतेची मंडळी मात्र धन्य. तिथल्या तिघा-चौघांनी एकमेकांचे फोन मागून घेतले आणि शनिवारी संध्याकाळी वीसेक माणसं एका चहाच्या गाडीवर पार्सलं घेऊन जमली. आडनावं पुकारून अदलाबदल केली. त्यातल्या दोघांचं गाव एकच निघालं म्हणे. बाकीच्यांचं जमलं नाही. कोणी जुनं कापड लावलं, कोणी काहीच लावलं नाही.

शुक्रवारीच दुपारी कल्पना माझ्याकडे आली होती. चेहरा उतरलेला. तिनं आवाज न चढवता विचारलं, "अक्का, गठ्ठा बरोबर होता ना?"

मी म्हटलं, "माझ्याकडून गठ्ठा बरोबरच जातो."

तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. ती गेल्यावर मी कॉम्प्युटरवर छपाईची नोंद उघडली. तेवीस नंबर दोनदा, दुसऱ्यांदा सगळ्यांच्या शेवटी. तेव्हाच उठून मागच्या गल्लीत गेले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. मी गेले नाही. समोरच्या कॉम्प्लेक्समध्ये नुकतंच एकानं हेच काम सुरू केलं होतं. अक्काच्या गठ्ठ्यात चूक झाली हे एकदा फुटलं की माझी माणसं तिकडे वळायला कितीसा वेळ लागणार? मी स्वतःची समजूत घातली की आता सांगून ती कापडं काही परत येणार नाहीत. शुद्ध भेकडपणा होता तो, दुसरं काही नाही.

कानबाई उठली, लोक विसरले, कल्पनाच्या फ्रॉकच्या ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या. पण गठ्ठा न्यायला नाना आले नाहीत. कल्पनाचा नवरा आला. मी आपलं सहज विचारल्यासारखं नानांचं विचारलं. तो म्हणाला, नानांना आता दिसत नाही हो नीट. एवढा घोटाळा झाला, त्यांचंही मन खट्टू झालं. आता बसा म्हटलं आरामात. लेबलं मीच चिकटवतो कामावर जायच्या आधी.

त्यानं चिकटवलेलं एक पार्सल मी पुढे पाहिलं. लेबल तिरकं, मधे हवेचा फुगा.

श्रावण गेला, गणपती गेले, नवरात्र गेलं. नाना मला अधूनमधून दिसायचे, गॅलरीत, कठड्याला हात लावून. मी दुकानाचं शटर उघडताना वर बघणं सोडून दिलं. कल्पना बोलता बोलता सांगून गेली की जेवण कमी झालंय, गावी जातो म्हणतात, पण गावी आता आहे कोण? एकदा तर ते तिला म्हणाले होते, माझ्यामुळे तुझं नाव खराब झालं. हे ऐकून मी काय केलं? स्टेपलरमध्ये पिना भरत बसले. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

दिवाळीच्या आठवडाभर आधी नाना अचानक दुकानात आले. टोपी तशीच, नीट. मला वाटलं, गठ्ठ्यासाठी आले. तसं नव्हतं. मुलानं मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाव घातलं होतं, त्यासाठी आधार कार्डाची झेरॉक्स हवी होती. म्हणाले, डॉक्टर सांगतात अजून पिकला नाही, पण पोरगा ऐकत नाही. माझ्या चुकीपायी त्यांच्या डोळ्यांवर सुरी फिरणार होती आणि मी कागदाचा ट्रे सरळ करत उभी होते.

त्यांनी आतल्या खिशातून प्लास्टिकचं पाकीट काढलं, त्यात कार्ड. मी पाकिटासकट काचेवर ठेवलं, पुढची बाजू छापली. मागची बाजू छापायला पाकीट उलटं केलं तर पाठीवर एक कागद चिकटवलेला. अर्धं फाटलेलं लेबल. वरचा भाग गेलेला, खालचा शाबूत, त्यात फोन नंबर स्पष्ट. मी ओळखलं. त्या सकाळी रोलरमधून ओढून काढलेला तुकडा मी कुठं टाकला ते मला आठवत नव्हतं. तो टाकलाच नव्हता. गठ्ठ्याच्या पाठीला चिकटून नानांच्या घरी गेला होता.

नानांना इंग्रजी येत नाही, आकडे येतात. शुक्रवारी यादीतले फोन नंबर त्यांनीच तर वाचून दाखवले होते. गडबड तेवीसपासून सुरू झाली आणि तुकड्यावरचा नंबर तेविसाव्याचा. त्या माणसानं पावसाळ्यात जमिनीत पाणी कुठं मुरतं हे ओळखण्यात जन्म काढलेला, त्याला एवढं कळायला कितीसा वेळ लागणार होता?

मी पाकीट तसंच उलटं काउंटरवर ठेवलं. म्हटलं, नाना, चूक माझी होती.

"माले माहीत व्हतं," नाना म्हणाले. "तू कधय सांगस, याचीच वाट दखी राहिंतू."

मी विचारलं, मग घरात का नाही बोललात?

"तुनं दुकान शे, अक्का. बठ्ठा लोके तुना भरोसावर येतस. मी त घरमाच शे, माले कथा जावानं शे?"

लोक माझ्या भरवशावर येतात, ते तर घरातच, त्यांना कुठं जायचंय, एवढंच त्यांचं म्हणणं; आवाजात राग नव्हता. राग असता तर मला जड गेलं नसतं. मी सांगितलं नव्हतंच, तुकडा दिसला म्हणून तोंड उघडलं होतं, हे त्यांनाही कळलं असणार. पाकिटाला लागलेला तो तुकडा त्यांनी नखानं हळूच सोडवला आणि माझ्या प्रिंटरच्या झाकणावर लावला. तळहातानं दाबला. सुरकुती नाही.

संध्याकाळी सहा वाजता शटर ओढून मी कल्पनाच्या घरी गेले. तिचा नवरा घरी होता हे पाहूनच गेले, कारण एकदाच सांगायचं बळ होतं. तेवीस नंबर अडकला तिथपासून सगळं सांगितलं. शुक्रवारी मला कळलं होतं आणि मी गप्प बसले, हेही सांगितलं. तिचा नवरा खाली मान घालून ऐकत होता. कल्पना उठली आणि आत गेली. मला वाटलं, आता ही माझं तोंडही पाहणार नाही. ती माळ्यावर टाकलेलं स्टूल घेऊन बाहेर आली. पदरानं पुसलं, जागेवर ठेवलं आणि नानांना म्हणाली, उद्या सत्तेचाळीस पार्सलं आहेत. माझ्याशी मात्र ती पुढचे दोन महिने कामापुरतंच बोलली. ते रास्तच होतं. ऑपरेशन डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पुढे ढकललं.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, पण ती फुटली. कुठून ते माहीत नाही. तिघं जण समोरच्या दुकानात गेले, त्यातला एक परत आला. मी पद्धत बदलली. आता प्रत्येक लेबलाच्या कोपऱ्यात क्रमांक येतो आणि प्रत्येक पार्सलावर पेनानं तोच क्रमांक लिहायला मी सांगते. डोळे मिटून चिकटवा असं म्हणत नाही. नानांनीही पद्धत बदलली. गठ्ठा हातात दिला की लगेच घरी नेत नाहीत. काउंटरशी उभे राहून, दुकानात कितीही गर्दी असो, एकेक क्रमांक मोठ्यानं वाचतात. एक, दोन, तीन. मागचे लोक चुळबुळ करतात. मी कोणाची झेरॉक्स करायला घेतली की नाना थांबतात, मी परत येईपर्यंत पुढचा आकडा घेत नाहीत. सगळे झाले की म्हणतात, "बठ्ठा शेतस, अक्का," म्हणजे सगळी आहेत. तेव्हा कुठे मला सुटका.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. शाईशिवाय छापलेलं फार टिकत नाही. झाकणावरच्या तुकड्यावरचे आकडे आधी करडे झाले, मग पुसट, आणि यंदाच्या उन्हाळ्यात पूर्ण गेले. काढून टाकावा असं मनात येतं. हात जात नाही.

परवा मुलींचे कुर्ते विकणारा एक नवा माणूस आला. त्यानं बघितलं, विचारलं, "अक्का, हे काय लावलंय?" माझ्या तोंडात टेस्ट प्रिंट आलंच होतं. शेजारी नाना मोजत उभे होते, एकतीस, बत्तीस. ते थांबले. माझ्याकडे बघितलं नाही, हातातल्या लेबलाकडेच बघत राहिले.

मी म्हटलं, "हे तेवीस नंबरचं लेबल आहे. ते मी चुकवलं होतं आणि आळ यांच्यावर आला."

त्या माणसाला काही कळलं नाही. तो हो हो म्हणाला. नानांनी पुढचं लेबल उचललं, पण आकडा कुठवर आला होता ते विसरले होते. त्यांनी गठ्ठा पुन्हा सरळ केला आणि पहिल्यापासून मोजायला घेतला.